पौषानंतर पुन्हा स्टेजवर: बेस गिटारवाल्याचे चार आठवडे

मार्गशीर्षातली शेवटची लग्नं उरकली की आमच्या सांगलीकडं कार्यक्रमांना खंड पडतो. पौषात मुहूर्त नसतात, हॉल रिकामे राहतात. त्यात ऑर्केस्ट्रातले निम्मे लोक शेतीवाले. आमचा कीबोर्डवाला तासगावकडचा, जानेवारी लागला की तो द्राक्षबाग सोडून कुठं येत नाही. प्रॅक्टिस थांबते, बेस पिशवीत जातो. मग माघी गणेश जयंती येते, पाठोपाठ १९ फेब्रुवारीची शिवजयंती आणि पुढं चैत्रातल्या गावोगावच्या यात्रा. फोन यायला लागतात ते एकदमच.

तीन वर्षांपूर्वी अशा सहा-सात आठवड्यांच्या सुट्टीनंतर मी थेट कार्यक्रमाला गेलो. नव्या तारा त्याच दिवशी सकाळी चढवल्या होत्या. पहिल्या तीन गाण्यांत दर गाण्यानंतर तारा उतरलेल्या. सातव्या गाण्याला उजव्या हाताच्या तर्जनीवर फोड आला, नवव्याला तो फुटला. उरलेला कार्यक्रम मी अंगठ्यानं काढला. आमचे ढोलकीवाले आण्णा अधूनमधून माझ्याकडं बघत होते, पण बोलले काहीच नाहीत. ते न बोलणं मला जास्त लागलं. तेव्हापासून पहिल्या कार्यक्रमाच्या तारखेपासून चार आठवडे मागं मोजतो आणि कॅलेंडरवर खूण करतो. शिवजयंतीचा कार्यक्रम असेल तर ती खूण २२ जानेवारीला पडते.

या चार आठवड्यांत माझा सगळा भर एकाच गोष्टीवर असतो. सुट्टीनंतरच्या पहिल्या कार्यक्रमात नेहमीपेक्षा कमी सूर वाजवायचे, पण ते जागेवर पडलेले आणि वेळेवर थांबलेले असले पाहिजेत. बोटांचा वेग यात्रांपर्यंत आपोआप येतो. गायकाला आणि ढोलकीला पहिल्या गाण्यापासून आधार लागतो, तो देण्याची तयारी आधी करायची.

पहिला आठवडा वाद्याचा

पिशवीतून बेस काढला की लगेच वाजवत बसू नका. आधी उजेडात नीट बघा. आपल्याकडं थंडीत पहाटे गारठा आणि दुपारी कोरडं ऊन, दोन्हींतला फरक मोठा असतो. वाद्याच्या लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. हवा त्याहून फार कोरडी राहिली की फ्रेटबोर्डचं लाकूड आकसतं, पण फ्रेटची धातूची पट्टी आकसत नाही. तिची टोकं मग कडेनं बाहेर डोकावतात. डावा हात मानेच्या, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्याच्या, कडेवरून खालून वर हलकेच फिरवा. टोचलं तर फ्रेटची कड घासून घ्यावी लागेल. मला पहिल्यांदा ही कड घासून मिळाली ती मिरजेच्या सतारमेकर गल्लीत. तिथल्या कारागिरांनी पिढ्यान्पिढ्या सतारी आणि तानपुरे घडवलेत, २०२४ मध्ये या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या एका वयस्कर कारागिरानं बेस हातात घेतला, विजेचं वाद्य म्हणून बाजूला न ठेवता डोळ्याला लावून मान बघितली आणि सुती फडकं कडेवरून ओढून दाखवलं. फडकं जिथं अडकलं तिथंच कानस लावली. घरी तपासायला ही फडक्याची रीत फार चांगली. बोटाला न कळणारी कडसुद्धा फडक्याला कळते.

मग मानेचा बाक. ३४ इंची बेसच्या चार तारांची मिळून ओढ ७० किलोंहून जास्त असते आणि मानेतला ट्रस रॉड तिला उलटा ताण देत असतो. लाकडानं हवेप्रमाणं जागा बदलली की हा तोल बिघडतो. तपासायला बेस नेहमीच्या सुरात लावा, मांडीवर घ्या, जाड तार पहिल्या फ्रेटवर डाव्या हातानं दाबा आणि मान जिथं बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर उजव्या हातानं. आता सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर फट असली की ठीक. फट अजिबात नसेल तर तारा खालच्या फ्रेटवर खरखरतील. जास्त असेल तर मधल्या फ्रेटवर दाबायला जड जाईल आणि सुट्टीत सुटलेली बोटं तिथंच थकतील.

फट जास्त असेल तर तारा थोड्या सैल करून ट्रस रॉडच्या नटात ॲलन की (षटकोनी चावी) घालून ती घड्याळाच्या दिशेनं फिरवा, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमी. मग पुन्हा सुरात लावा, रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी परत मोजा. नट अडला तर जोर लावू नका, जाणकाराकडं द्या. रॉडचा आटा गेला तर दुरुस्ती मानेच्या किमतीवर जाते.

बाराव्या फ्रेटवर तार दाबून येणारा सूर आणि त्याच जागी नुसतं बोट टेकवून येणारा हार्मोनिक ट्यूनरवर जुळले पाहिजेत. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरचा सॅडल (तारेचा छोटा आधार) मागं न्या, उतरा असेल तर पुढं. हे काम नव्या तारा चढवल्यावर करायचं, कारण मेलेल्या तारेचं इंटोनेशन (हा सुरांचा जुळेपणा) कधीच खरं लागत नाही.

बेस ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवरचं सर्किट असलेला, असेल तर मागचं झाकण उघडून ९ व्होल्टची बॅटरी आज काढाच. कार्यक्रमाला नवी घाला. बहुतेक ॲक्टिव्ह बेसमध्ये जॅक आत गेला की सर्किट चालू होतं, म्हणून सुट्टीत केबल लावून ठेवलेला बेस बॅटरी संपवतो. जुनी बॅटरी पाझरली तर आतल्या तारांना गंज लागतो, ते वेगळंच. आवाजाची बटणं फिरवताना खरखर येत असेल तर काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवणं पुरतं. जॅकचा नट बोटांनी हलतोय का तेही बघा. यात्रेच्या स्टेजवर आवाज जाण्याचं सगळ्यात साधं कारण तोच सैल नट असतो.

तारांचा दिवस ठरवून घ्या

कार्यक्रमाआधी चार-पाच दिवस तारा चढवा. मी ४५-१०५ जाडीचा राउंडवाउंड (वरून गोल तार गुंडाळलेला) संच वापरतो. लावण्या आणि जुनी गाणी जास्त असतील तर फ्लॅटवाउंड (वरून सपाट, गुळगुळीत) तारा लावणारेही आहेत. त्या तारांचा सूर लवकर मरत नाही आणि ढोलकीशी त्यांचं जमतंही छान. तार कापायच्या आधी खुंटीत जायचं टोक काटकोनात वाकवा आणि मगच कापा. न वाकवता कापली तर वरचं वेटोळं गाभ्यावर सैल होतं आणि तार पहिल्या दिवसापासून मंद वाजते. खुंटीवर दोन ते तीन वेढे, वरून खाली उतरत जाणारे. मग बाराव्या फ्रेटजवळ तार हलकी ओढायची, सुरात आणायची, परत ओढायची. पाच-सहा वेळा केलं की तिचं उतरणं थांबतं. तीन वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी मी हे केलंच नव्हतं.

हातांचे दोन आठवडे

बोटांवरचे घट्टे सहा आठवड्यांत मऊ पडतात आणि परत यायला दोन-तीन आठवडे घेतात. ते जोर लावून लवकर येत नाहीत. पहिले तीन दिवस १५ मिनिटं, दिवसातून दोनदा. चौथ्या दिवसापासून २० आणि दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस ४० मिनिटांवर या. कातडी गरम आणि लाल दिसली की त्या दिवशी थांबा. फोड आलाच तर फोडू नका. मनगटात किंवा कोपरात टोचल्यासारखं दुखलं तर तो सरावाचा थकवा नसतो, दोन दिवस बेस ठेवून द्या. तरीही दुखत राहिलं तर डॉक्टरला दाखवा.

सकाळी गारठ्यात वाजवत असाल तर आधी कोमट पाण्यात दोन मिनिटं हात धरा. माझ्या घरी कृष्णेच्या बाजूची खोली थंडीत फार गार असते. तिथं मी हे केल्याशिवाय बेस उचलत नाही.

डाव्या हाताचा सराव कुठून सुरू करायचा यात बहुतेकांची चूक होते. लिओ फेंडरनं १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला तेव्हापासून ३४ इंच ही तारेची लांबी रूढ झाली. त्या लांबीवर पहिल्या ते चौथ्या फ्रेटमधलं अंतर जवळजवळ १३ सेंटिमीटर पडतं. नवव्या ते बाराव्या फ्रेटमधलं मात्र आठच सेंटिमीटर. सुटलेल्या हातानं पहिल्या फ्रेटवर चार बोटं ताणली की अंगठ्याच्या मुळाशी कळ येणारच. म्हणून पहिले चार दिवस नवव्या फ्रेटपासून वर. एक-दोन-तीन-चार बोटं, प्रत्येक तारेवर, मेट्रोनोम (लयीची टिकटिक देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर. मग दर दोन दिवसांनी दोन-दोन फ्रेट खाली या. पाचव्या फ्रेटच्या खाली आलात की तिसरं बोट आणि करंगळी एकत्र दाबा, म्हणजे हातात पहिलं, दुसरं आणि चौथं एवढीच बोटं कामाला. डबल बेस वाजवणारे खालच्या सुरांना अशीच बोटं ठेवतात. हात मोकळा राहतो.

उजव्या हातानं तार हलकी छेडा आणि आवाज ॲम्प्लिफायरवर वाढवा. घरात हळू वाजवायची सवय लागलेली असते, म्हणून स्टेजवर गेलं की माणूस नकळत जोरानं ओढायला लागतो आणि फोड तिथंच येतो. सरावात ॲम्प थोडा मोठा ठेवून बोटं हलकी ठेवायची सवय लावून घ्या.

तिसऱ्या आठवड्यापासून बसून वाजवणं बंद. उभं राहा, पट्टा खांद्यावर घ्या. बेसचं वजन चार-साडेचार किलो असतं आणि तीन तास उभं राहायचंय. पट्टा रुंद असावा आणि बसल्यावर बेस ज्या उंचीवर येतो त्याच उंचीवर उभं राहिल्यावरही आला पाहिजे. पट्टा सुटू नये म्हणून बटणावर नळाचा रबरी वायसर चढवा. दहा रुपयांच्या आत काम होतं.

पट्ट्या परत बोटांत आणा

आपल्याकडं गायक पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, सांगतो ती हार्मोनियमच्या भाषेत. स्टेजवर मागं वळून ‘काळी चार’ म्हणाला की अर्ध्या सेकंदात बोट तिथं हवं. सुट्टीत हे सगळ्यात आधी विसरतं. मी रोज गाणं लावण्याआधी हा पाढा म्हणतो आणि वाजवतो. सगळ्यात जाड तारेवर पहिला फ्रेट पांढरी ४, दुसरा काळी ३, तिसरा पांढरी ५, चौथा काळी ४, पाचवा पांढरी ६. त्याखालच्या तारेवर पहिला फ्रेट काळी ५, दुसरा पांढरी ७, तिसरा पांढरी १, चौथा काळी १, पाचवा पांढरी २, सहावा काळी २. पांढरी ३ म्हणजे जाड मोकळी तारच.

मग घरातल्या कुणालातरी मधेच कुठलीही पट्टी ओरडायला सांगा. माझी मुलगी स्वयंपाकघरातून ओरडते, मी इकडून षड्ज आणि पंचम देतो. आठवड्यात बोट न बघता जातं.

ढोलकीशी जुळवणं

चौथ्या आठवड्यात पूर्ण बँडची तालीम होवो न होवो, ढोलकीवाल्याबरोबर दोन बैठका करा. फक्त तुम्ही दोघं. मला हे तालमीपेक्षाही महत्त्वाचं वाटतं.

बेसच्या जाड तारा ४१ आणि ५५ हर्ट्झला वाजतात, त्यांचे वरचे ध्वनी ढोलकीच्या डाव्या बाजूच्या घुमाऱ्यात जाऊन मिसळतात. दोघं एकाच वेळी लांब वाजले की मांडवात नुसतं गुळगुळीत घुमणं उरतं, ना थाप कळते ना सूर. गेल्या वर्षी आण्णांच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो. मी साध्या केरव्याच्या ठेक्यात आठही मात्रांवर काही ना काही भरत होतो. आण्णांनी हात थांबवला आणि म्हणाले, ‘‘अरे बाळा, माझा घुमारा खातोयस तू. सातव्याला सोडून दे की.’’

मग त्यांनी बोल म्हणत एकेक मात्रा दाखवली. धा गे ना ति, न क धि ना. पहिल्या धा वर डाव्या हाताचा घुमारा आहे, दुसऱ्या गे वरही. पाचव्या आणि सहाव्या मात्रेवर, न आणि क ला, डाव्या हाताचा घुमारा नाही. सातव्या धि वर तो परत येतो. म्हणजे बेसला जागा कुठंय ते ठेकाच सांगतो. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, षड्ज द्यायचा, पण आखूड, दुसऱ्या मात्रेआधी डाव्या हाताच्या बोटानं तार थांबवायची. पाचव्या मात्रेला पंचम द्यायचा आणि तो सहावीपर्यंत लांब सोडायचा, कारण तिथं खालचा आवाज कुणाचाच नाही. सातवीच्या आधी तो थांबला पाहिजे. आम्ही हे एवढंच वीस मिनिटं वाजवलं. ओसरीच्या टोकाला बसलेली आण्णांची सून उठून आत जाता जाता म्हणाली, ‘‘आता ढोलकी मोठी वाजायला लागली.’’ आण्णांनी थाप वाढवली नव्हती, मी माझे सूर कमी केले होते.

घरी एकट्यानं हे करायला मेट्रोनोम वापरता येतो. केरवा मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत असेल तर मेट्रोनोम ४० वर लावा. क्लिक फक्त पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर पडेल, मधल्या तिन्ही मात्रा तुमच्या तुम्ही धरायच्या. सुरुवातीला क्लिकच्या आधी पोचाल. सगळेच पोचतात, सुट्टीनंतर हात धावतोच. चार दिवसांनी क्लिक तुमच्या सुराखाली लपायला लागते. दादऱ्यालाही तेच करा, सहा मात्रांत पहिली आणि चौथी. लावणीची लय चढत जाते तिथं मेट्रोनोम बाजूला ठेवा आणि ढोलकीवाल्याच्या उजव्या खांद्याकडं बघा. लय वाढवायच्या आधी तो खांदा हलतो.

बैठक फोनवर रेकॉर्ड करा, पण ऐकताना हेडफोन लावा. फोनच्या छोट्या स्पीकरमधून बेसचे खालचे सूर येतच नाहीत आणि आपण उगाच घाबरतो.

कार्यक्रमाच्या दिवशी

पिशवीत काय हवं ते पटकन सांगतो: तारांचा जादा संच, दोन केबल, ९ व्होल्टची नवी बॅटरी, ॲलन की, क्लिप ट्यूनर, टॉर्च, काळी टेप, एक्स्टेन्शन बोर्ड, सुती फडकं. जादा केबल गिटारचीच हवी. स्पीकरची केबल दिसायला तशीच असते, पण तिला शिल्ड नसल्यानं ती सगळीकडची घरघर उचलते. दुचाकीवर पाठीला बेस लावून जाणार असाल तर वरचं टोक डोक्याच्या बरंच वर येतं हे लक्षात ठेवा, कमानीखालून जाताना खाली वाका. दुपारी गाडीच्या डिकीत बेस ठेवू नका.

रात्री १० नंतर लाउडस्पीकर चालत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत ते स्पष्ट आहे आणि सवलतीचे दिवस वर्षातून मोजकेच. त्यामुळं कार्यक्रम वेळेत संपवायचा असतो आणि साउंड चेकला बेसच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. ती वाया घालवू नका. डीआय बॉक्समधून (बेसचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीतून) मिक्सरला द्या. घरघर आली तर आधी डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण (ते फक्त सिग्नलची अर्थ तोडतं) दाबून बघा. जनरेटरवर हा त्रास हमखास होतो. घरघर जावी म्हणून कुणी प्लगची अर्थची पिन काढायला निघालं तर हात धरा. ओल्या गवतावरच्या स्टेजवर ते जिवावर बेतू शकतं.

त्या दोन मिनिटांत भारी काही वाजवू नका. चारही मोकळ्या तारा एकेक करून, मग कार्यक्रमात सगळ्यात जास्त लागणारी पट्टी, मग ढोलकीबरोबर आठ आवर्तनं केरवा. केबल पुरत असेल तर स्टेजवरून उतरून आठ-दहा मीटर पुढं जा. ॲम्पपाशी उभं राहून जो बेस बारीक वाटतो तोच पाचव्या रांगेत छाती दणाणून सोडतो. तिथं उभं राहून साउंडवाल्या भाऊंना सांगा, ‘‘भाऊ, ४० च्या खालचं कापा, आणि ढोलकी माझ्यापेक्षा एक घर वर ठेवा.’’ हे स्वतः बेसवाल्यानं सांगितलं की साउंडवाला पुढचे तीन तास तुमचं ऐकतो.

कानांत इअरप्लग घाला. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या हिशेबानं ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो, पण प्रत्येक ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. सबवूफरच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला हा हिशेब रोजचा आहे.

गाण्यांचा क्रम ठरवताना बोलून घ्या. पहिली दोन गाणी मध्यम लयीची, परिचित पट्टीतली. उड्या मारायच्या जागा, स्लॅप (अंगठ्यानं तार आपटणं) वगैरे, या कार्यक्रमात नको. गायकानं ऐनवेळी पट्टी बदलली तर पहिला अंतरा नुसत्या षड्जावर काढा, चुकीचा पंचम लागण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

मध्यंतरात उजव्या हाताची दोन्ही बोटं बघा. लाल झाली असतील तर पुढचा अर्धा तास अंगठ्याच्या बाजूनं, तळहात ब्रिजवर टेकवून वाजवा. सूर आखूड आणि गोल येतो, जुन्या गाण्यांना शोभतो, बोटांनाही उसंत मिळते. फोड येण्याआधी ठरवून केलं तर कुणाला कळतही नाही.

कार्यक्रम संपला की आवराआवर सुरू होते, पोरं केबल गुंडाळायला लागतात. त्याआधी प्रत्येक तार फडक्यात धरून ब्रिजपासून खुंटीपर्यंत पुसा, घामाचं मीठ राहिलं तर नव्या तारा आठवड्यात काळ्या पडतात. आणि बेसमधला जॅक काढूनच पिशवीची चेन लावा.